बाबांना ऐकू येतं का, याचा प्रयोग

आमच्या घरात कुणी हळू बोललं की त्याला बरं नाही असं समजतात. मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या केमिस्ट्रीच्या मॅडम धावत आल्या, कुणाशी भांडण चाललंय म्हणून. भांडण कसलं डोंबलाचं? मी मुलांना व्होल्टमीटर नीट ठेवायला सांगत होते. नारपोलीत आमच्या खोलीच्या खाली कापड विणणारे बारा लूम होते. त्यांच्या डोक्यावर राहून जी बोलायला शिकली, तिच्याकडून मंजुळ आवाजाची अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा आमच्या जिन्यात उभं राहून बघावं.

पुढे मला कळलं की हा माझा दोष नाही, हा चक्क एक इफेक्ट आहे. गोंगाट वाढला की माणूस आवाज चढवतो आणि हे तो ठरवून करत नाही. स्वतःचा आवाज कानाला कमी पडला की घसा आपोआप जोर लावतो. कुणाच्याही कानाला हेडफोन लावा, त्यात गोंगाट सोडा आणि त्याला काहीतरी मोठ्याने वाचायला सांगा. आवाज चढतो. गोंगाट बंद करा, आवाज उतरतो. आवर घालायचा म्हटला तरी सहज जमत नाही. हे एका लेखात वाचलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी लॅबमधल्या सगळ्या मुलांवर, शिपाईकाकांवर आणि त्या केमिस्ट्रीच्या मॅडमवरही प्रयोग करून टाकला. मॅडम तर अशा ओरडल्या की यावेळी प्राचार्य बघायला आले.

त्याच लेखात शेवटी एक वाक्य होतं. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्याला ओळखायला डॉक्टर हाच इफेक्ट वापरायचे. ऐकू येत नाही म्हणणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडायचा, आवाज चढला की चोरी पकडली. हे वाक्य मी तीनदा वाचलं, कारण आमच्या घरात नेमका हाच खटला चालू होता.

झालं असं होतं. एका सकाळी आई मोरीत पाय घसरून पडली. बाबा बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून बातम्या बघत बसले होते. आईने चार हाका मारल्या. बाबा उठले नाहीत. तेवढ्यात खालून, गल्लीतून, बाबांच्या जुन्या दोस्ताची हाक आली, ‘भाई, चाय!’ आणि बाबांनी लगेच ओ दिली, ‘आया, आया.’ मोरीत पडल्या पडल्या आईने ते ऐकलं. शेवटी शेजारणीने येऊन तिला उठवलं. मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं.

त्या दिवसापासून आई बाबांशी बोलेना. ताट वाढायची, समोर ठेवायची, निघून जायची. रविवारी विहारात जायची तीही एकटी. बाबा एवढंच म्हणाले, “मला नाही ऐकू आलं.” आई माझ्याकडे बघून म्हणाली, “दोस्ताची हाक आली ऐकू. माझी न्हाय आली.” मग आईने मला तिचा निर्णय सांगितला. प्लास्टर निघालं की ती मानकोलीजवळच्या गावात भावाकडे जाणार, आणि परत यायचं नाही म्हणून जाणार. आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिने तेहतीस वर्षांचा संसार एका वाक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि मला म्हणाली, “तुला वाटंल तेव्हा तू येत जा.”

खरं सांगायचं तर मलाही आईचंच पटत होतं. ‘बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं’ हे आमच्या घरातलं जुनं वाक्य होतं. समोर बसून बोललात तर शब्दन् शब्द कळायचा. पाठीमागून बोललात तर भिंत बरी. अकडू माणूस, असं आम्ही म्हणायचो आणि सोडून द्यायचो.

पण मला कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. इफेक्ट दिसला की लगेच कारण सांगायला धावायचं नाही. आधी विचारायचं, काय बदललं की तो नाहीसा होतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि जे आपल्याला हवंय तेच दिसलं तर दुप्पट संशय घ्यायचा. मी हे मुलांना रोज सांगते. त्यांना नाक्यावर नेऊन अँब्युलन्सचा भोंगा ऐकवते, जवळ येताना चढा, लांब जाताना उतरता, आणि विचारते की भोंगा बदलला की गाडीची दिशा? मग घरात मात्र मी तपास न करताच बाबांना शिक्षा देऊन मोकळी झाले होते. मला स्वतःचाच राग आला.

चार दिवस मी वहीत नोंदी केल्या. कुणी हाक मारली, कुठून मारली, बाबांनी ओ दिली का. दोस्ताची हाक ऐकू येते. टेम्पो येतो. खालचं शटर पडतं ते येतं. आईला बघायला आलेल्या मामाचा आवाज येतो. मी पाठीमागून बोलले, नाही. आई शेजारणीशी बोलली, नाही. फोनची रिंग, नाही. आणि कुकरची शिट्टी, अजिबात नाही. ही नोंद केली आणि मी पेन खाली ठेवलं. बायकोवर राग असेल, पोरीवर असेल, पण कुकरशी या माणसाचं काय वाकडं होतं?

मी धावत आईकडे गेले. आईने शांतपणे भेंडी निवडत सगळं ऐकलं आणि म्हणाली, “कुकरला उठायची सवय त्यांना कधी होती?”

आईची शाळा सातवीपर्यंत, पण आक्षेप एकदम बिनतोड होता. ज्या आवाजाला बाबा कधी उठतच नव्हते, तो त्यांना ऐकू येत नाही हे मी न उठण्यावरून कसं ठरवणार? मला असा पुरावा हवा होता ज्यात बाबांच्या मर्जीचा संबंधच येणार नाही.

त्याआधी एक गाठ सोडवायची होती. समोरासमोर सगळं कसं कळतं? मी सर्दी झाल्याचं सांगून तोंडाला मास्क लावला, बाबांच्या अगदी समोर बसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “बाबा, चहा घेणार की ताक?”

बाबा म्हणाले, “हो.”

मास्क काढून तोच प्रश्न विचारला. “ताक दे,” म्हणाले.

मला हे आधी सुचायला हवं होतं. बाबा तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. लूम चालू असताना कारखान्यात कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठ बघून बोलतात. बाबा आमच्याशीही तसंच बोलत होते आणि आम्हाला वाटत होतं की ते ऐकतायत.

आता हेडफोनचा प्रयोग. मी दोन आवाज तयार केले. एक गल्लीतल्या चालू कारखान्यात जाऊन फोनवर रेकॉर्ड केला आणि त्यातली फक्त खालच्या पट्टीतली जाड घरघर ठेवली. दुसरा बारीक, कुकरमधून वाफ सुटते तसला. प्लास्टर सोमवारी निघणार होतं. शुक्रवारी दुपारी, गल्लीतले लूम आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद असताना, मी दोघांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. आईला म्हटलं, तू फक्त बघ, न्यायाधीश तूच. ती दाराला टेकून उभी राहिली, प्लास्टरचा हात छातीशी धरून.

पहिल्यांदा तिलाच हेडफोन लावून पेपर वाचायला लावला. दोन्ही आवाजांना तिचा सूर चढला, चांगला खणखणीत. मग बाबांना हेडफोन लावले. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी वाचून दाखवा, एवढंच सांगितलं होतं.

बारीक आवाजाला बाबांचा सूर चढला असता, तर ते सोंगच ठरलं असतं, आणि ते सिद्ध करणारी मी असते. आई सोमवारी माझ्याच पुराव्यावर घर सोडून गेली असती.

बाबा हवामानाची बातमी वाचू लागले. मी घरघर सुरू केली. बाबांचा आवाज असा चढला की ते जणू पुन्हा कारखान्यात उभे होते. बंद केली, आवाज उतरला. मग बारीक आवाज सुरू केला. बाबा वाचत राहिले. मी तो वाढवला. बाबा वाचत राहिले. आता तो हेडफोनमधून बाहेर गळत होता, मला ऐकू येत होता, दारातल्या आईलाही. बाबांनी बोट ओलं केलं, पान उलटलं आणि कोकणात पावसाची शक्यता असल्याचं त्याच सुरात आम्हाला सांगितलं.

मी क्रम बदलून तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच. मी उठून अक्षरशः नाचले. जमलं, जमलं, म्हणत खोलीभर फिरले. इतका स्वच्छ निकाल मला लॅबमध्येही कधी मिळाला नव्हता. मग मी आईकडे बघितलं. ती तोंडावर पदर धरून रडत होती, आणि आपण कशावर नाचतोय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी तिला भराभर समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात. बारीक, चढ्या आवाजाच्या पेशी अगदी दारात बसलेल्या असतात. आत जाणारा प्रत्येक आवाज त्यांच्या अंगावरून जातो, म्हणून पायपुसण्यासारख्या त्या सगळ्यांत आधी झिजतात. आतल्या जाड आवाजाच्या टिकतात. दोस्ताचा आवाज ढोलासारखा, तुझा बारीक, त्यातून तू पडलेली, धाप लागलेली, मध्ये दार आणि टीव्ही. त्यांना तो आवाज आलाच नसणार, आणि आला असला तरी टीव्हीच्या आवाजातून वेगळा निघाला नसणार.

बाबांनी हेडफोन काढले होते. आमचे चेहरे बघून त्यांना सगळं कळलं. “बारा-पंधरा वर्षं झाली,” ते म्हणाले.

आई म्हणाली, “आणि सांगितलं न्हाय?”

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. “लूमचा आवाज ऐकून बिघाड सांगतो तो जॉबर. बहिऱ्याला कोण ठेवणार? मी लूमवर हात ठेवून ओळखायचो, थरथरीवरनं. कुणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग कारखाना सुटला, पण सांगायची लाज वाटायला लागली. तुम्ही अकडू म्हणायचात. म्हटलं, अकडू चालेल. बहिरा नको.”

म्हणजे बाबा सोंग करतात असं आई म्हणत होती ते खोटं नव्हतंच. सोंग होतं. ऐकू येत असल्याचं होतं, आणि ते त्यांनी तिला घर सोडायची वेळ आली तरी सोडलं नव्हतं. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी नुसती वायर गुंडाळत बसले.

आईने डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि बाबांच्या समोर बसली. लग्नाआधी तीही त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती, म्हणजे बाण्याचं, आडवं सूत नळीवर गुंडाळायचं काम. मग ती बोलू लागली, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. बाबाही तसेच उत्तर देत होते. बराच वेळ ते दोघं बोलत होते, आणि सगळ्या घरात त्यातलं एक अक्षर न कळणारी मी एकटीच होते.

“काय म्हणालीस?” मी नंतर विचारलं.

“तुला काय करायचंय? ती भेंडी चिर.”

सोमवारी प्लास्टर निघालं, आणि त्याच दिवशी मी बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या आलेखातली रेघ सरळ चालत जाऊन एकदम कड्यावरून खाली पडली होती. मशीन घ्यायचं ठरलंय. आई भावाकडे गेली नाही, पण राहते असंही तिने तोंडाने सांगितलं नाही.

तिने फक्त मोरीत एक रिकामा प्लॅस्टिकचा ड्रम आणून ठेवला. जाड आवाज पोचतो ना, मग हाच बरा. पहिल्याच सकाळी आतून ड्रमवर मुठीचे दणके बसले. बाबा अर्धी दाढी केलेले, गालाला फेस, धावत मोरीच्या दारात गेले.

“काय झालं? पडलीस?”

आई नीट उभी होती. “काय न्हाय. येता का बघत होते.”

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वाजवला. बाबा पुन्हा धावत गेले.