गडबला उतरवलेली बाई

पेण स्टँडवर गाडी लागली की आधी माणसं चढत नाहीत, रुमाल चढतात. खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल, ओढणी, डब्याची पिशवी, जे हाताला लागेल ते टाकायचं. टाकलं की जागा तुमची. मग सावकाश चहा पिऊन या, कोणी हात लावणार नाही. या रुमालांवरून मी भांडणं पाहिली आहेत, केलीही आहेत, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून बाजूला टाकणारा माणूस मला या मार्गावर अजून भेटलेला नाही. रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी केस पेपर काढायचं काम करते आणि पेणहून रोज एसटीने जाते. त्यामुळे ही गाडी, तिच्यातली माणसं आणि त्यांचे रुमाल मला घरच्यासारखे ओळखीचे आहेत.

कोरोना आला तेव्हा तेच रुमाल सीटवरून तोंडावर गेले. सुरुवातीला काहीही बांधलं तरी चालत होतं. कोणी गमछा, कोणी ओढणी, एका गृहस्थांनी तर कानटोपी खाली ओढून तिला नाकासाठी भोक पाडलं होतं. मग शिवलेले मास्क आले. घरोघरी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचे मास्क निघाले आणि कोणत्या बाईने कोणता ब्लाउज शिवला ते आख्ख्या गाडीला कळू लागलं. मग एक नको, दोन लावा. मग कापडाचा नको, निळाच लावा. एक सीट सोडून बसा, मग बसा सगळे, पण मास्क पाहिजे. वडखळ नाक्यावर पोलीस दिसले की गाडीभर हात वर जायचे आणि मास्क हनुवटीवरून नाकावर यायचे. नाका मागे पडला की परत खाली. कंपनीत शिफ्टला जाणारे लोक फोनवर बोलायलाच मास्क खाली करायचे, जसं काही तो आवाज अडवण्यासाठी दिला होता.

मला याचा भयंकर राग यायचा. राग माझ्या नाकावरच असतो असं घरचे म्हणतात, तर त्या वर्षात तो मास्कच्या आत होता एवढंच. पण माझ्या रागाला कारण होतं. माझ्या नवऱ्याचं एक फुप्फुस जुन्या क्षयाने अधू झालेलं. साधी सर्दी झाली तरी रात्रभर उशा रचून बसून राहणारा माणूस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना हा आजार झाला तर अवघड आहे. मी दवाखान्यात काम करणारी, रोज गाडीने फिरणारी. घरात तो आजार येणार तर माझ्याच अंगावरून येणार हे मला दिसत होतं. संध्याकाळी मी मागच्या दारी आंघोळ करून घरात जायची आणि तरीही त्यांच्या ताटाला हात लावताना माझा जीव वरखाली व्हायचा.

म्हणून गाडीत माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. नाक झाका, वर घ्या, शिंकताना खाली काय करता. मागच्या सीटवरचे मला आपसात पोलीसबाई म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. कंडक्टर बिचारा तिकीट फाडायचा की लोकांची तोंडं बघायचा? ते काम मीच अंगावर घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळच्या गाडीला गर्दी होती. नुकती गाड्यांना पूर्ण सीट भरायची परवानगी मिळाली होती, म्हणजे जागा धरायची पद्धतही परत सुरू झाली होती. दवाखान्याच्या खाली औषधांच्या दुकानात काम करणारी माझी मैत्रीण नागोठण्याला चढायची. तिच्यासाठी मी रोज बाजूची जागा धरून ठेवायची. त्या दिवशी ओढणी नव्हती, रुमाल घामाने भिजलेला होता. पर्समध्ये हात घातला, जे आलं ते सीटवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नागोठण्याच्या अलीकडे गडब गावाला एक बाई चढली. जवळच्या वाडीवरची असावी, मजुरी करणारी. साडी गुडघ्याच्या खालपर्यंत नेसलेली, हातात कापडी पिशवी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. ते ठिपके मला दिसले, कारण तोंडावर काही नव्हतं. कंडक्टरने विचारलं, मास्क कुठाय. तिने लगेच पदर तोंडावर घेतला. तोही म्हणाला, बरं, राहू दे तसाच. एवढ्यावर मिटलं असतं.

मी मिटू दिलं नाही. पदराने काय होतं, दोन मिनिटांत खाली येईल, आम्ही काय मूर्ख म्हणून दोन-दोन लावून बसलोय का, नियम आहे तर सगळ्यांना सारखा पाहिजे, असं मी एका दमात बोलले. मागून दोघांनी री ओढली. कंडक्टर वैतागला. आधीच कुठल्यातरी गाडीत यावरून तक्रार झाली होती म्हणे. त्याने तिला सांगितलं की मास्क घेऊन या, मागची गाडी पकडा.

ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "पोरगी बाळंतपणाला हाय रोह्याला. आजच्या दिवस नेवा."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला घरी उशांवर टेकून बसलेला माणूस दिसला. ती उतरली, घंटी वाजली.

नागोठण्याला मैत्रीण चढली, माझ्याजवळ आली, सीटवर ठेवलेली वस्तू उचलून माझ्या हातात देत म्हणाली, हा घे तुझा मास्क, आणि बसली.

नवा, कागदाच्या पाकिटातला मास्क. मी तो पेणपासून बाजूला ठेवून बसले होते. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. ती बाई पायरीवर उभी होती तेव्हाही तिथेच होता, आणि कोणालाच दिसला नाही. मलाही नाही, कंडक्टरलाही नाही, री ओढणाऱ्या दोघांनाही नाही. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना ती नागोठण्याच्या बाईची जागा होती. सीटवर ठेवलेल्या कापडाकडे आम्ही कापड म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

मैत्रिणीला मी तेव्हा काही सांगितलं नाही. दवाखान्यात दिवसभर मन लागलं नाही. परतताना गडबच्या थांब्यावर डोळे लावून बसले, ती दिसली नाही. नंतर कितीतरी महिने रोज तिथे बघायची. पर्समध्ये पाच-पाच मास्क ठेवू लागले, कोणाकडे नसला की न बोलता पुढे करायची. लोक घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. मी काही म्हणायची नाही. पोलीसबाई सुधारली असं मागच्या सीटवर ठरलं. मला मात्र एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, ती बाई त्या दिवशी तिच्या मुलीपाशी पोचली की नाही.

आमच्या घरात कोरोना आलाच, पण माझ्या अंगावरून नाही. हे स्वतःच चुलतभावाच्या साखरपुड्याला अर्धा तास जाऊन आले आणि घेऊन आले. पंधरा दिवस जीव टांगणीला लागला होता. वाचले. त्या पंधरा दिवसांत ऑक्सिजनचा आकडा बघताना मला सारखी ती पायरीवर उभी दिसायची. ज्या भीतीपोटी मी तिला उतरवलं, ती भीती खरी होती. पण तिच्या उतरण्याने माझ्या घरात काहीच अडलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

पुढे एका पाडव्याला सरकारने मास्कची सक्ती उठवली. दुसऱ्या दिवशी गाडीत बघते तर माणसंच निराळी. वर्षानुवर्षं बरोबर प्रवास केलेल्यांना मिशा होत्या, दात पुढे होते, हे मी विसरून गेले होते. मी मात्र मास्क काढला नाही. ह्यांचं फुप्फुस सरकारी आदेशाने बरं झालेलं नव्हतं. मग हळूहळू उलटं सुरू झालं. अजून लावता काय, असं आधी हसून विचारायचे. नंतर विचारणं बंद झालं आणि माझ्या बाजूला बसणंही. मला काहीतरी झालंय असं नव्या लोकांना वाटे. मैत्रिणीने दुकान सोडलं होतं, त्यामुळे बाजूची जागा रिकामीच. गाडी भरत आली तरी ती शेवटी भरायची. जिला जागा धरायला कापड टाकावं लागायचं, तिच्या बाजूची जागा आता आपोआप धरलेली असे. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की गडबची पायरी आठवायची.

गेल्या हिवाळ्यात, वालाच्या शेंगांच्या दिवसांत, गडबला एक बाई शेंगांचं गाठोडं घेऊन चढली. गाडीत तेवढीच एक जागा होती, माझ्या बाजूची. ती बेधडक येऊन बसली, गाठोडं पायांशी सरकवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. हनुवटीवर तीन ठिपके.

तिने मला ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कशी? त्या दिवशी तिचा चेहरा मी पुरता बघितला होता, माझा तिने बघितलाच नव्हता. मी गप्प बसले असते तर तिला आयुष्यात कळलं नसतं. नागोठण्यापर्यंत मी गप्पच बसले. मग कसंबसं म्हटलं, मावशी, कोरोनात तुम्हाला गडबला गाडीतून उतरवलं होतं, मास्क नव्हता म्हणून. ते माझ्यामुळे झालं होतं.

तिने जरा विचार केला. रागावल्यासारखी दिसली नाही. "कवाची गो?" ती म्हणाली. "त्या सालाला मला लई येळा उतरवलाय."

मी खुणा सांगू लागले. सकाळची गाडी, कापडी पिशवी, रोह्याला मुलीचं बाळंतपण. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. मग तिने जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते. तिला दोन मुली, दोघी रोह्याकडेच दिलेल्या, दोघींची पहिली बाळंतपणं त्याच काळात. दोन्ही वेळेला ती सकाळी निघाली, दोन्ही वेळेला तिला गाडीतून उतरवलं. धाकटीच्या वेळेला ती चालत निघाली, वाटेत एका टेम्पोवाल्याने घेतलं, पोचली. थोरलीच्या वेळेला गडबलाच दुपारपर्यंत बसून राहिली आणि घरी परत गेली.

"तुझी गाडी त्यातली कुठली, ता आता कसा सांगू?" ती म्हणाली.

थोरली कशी आहे, मी विचारलं. बरी आहे म्हणाली, पोरगी झाली, चालते बोलते. अष्टमी गावातच असते, आता तिच्याकडेच शेंगा देऊन बाजारात जायचं होतं. मग खिडकीकडे बघत म्हणाली की थोरली अजून बोलून दाखवते. धाकटीला गेलीस, माझ्याकडं आली नायस. गाडीतून उतरवलं असं मावशीने तेव्हाच सांगितलं होतं, पण सगळी दुनिया गाडीने फिरत होती, तुलाच कसं उतरवलं, असं ती म्हणते.

अष्टमी पुलाच्या अलीकडे आहे, माझा दवाखाना पलीकडे, रोह्यात. साडेनऊला मला केस पेपरच्या खिडकीत बसलेलं असावं लागतं. ती उठली तशी मीही उठले आणि गाठोड्याचं एक टोक धरलं. तू कुठं, तिने विचारलं. तुमच्या लेकीकडे, मी म्हटलं. तिने मला नको म्हटलं नाही, चल असंही म्हटलं नाही.

घर दोन गल्ल्या आत होतं. थोरली दारातच लेकीची वेणी घालत बसली होती. आईला बघून तिने मान वर केली, पण उठली नाही. मी मास्क काढून हातात घेतला. पहिल्यांदा कोणाच्या दारात काढला असेल. कोण, कुठली, ते सांगितलं. मग म्हटलं, तुमच्या बाळंतपणाच्या दिवशी तुमची आई गाडीत चढली होती. मी ओरडा करून तिला खाली उतरवलं. तिने पोरगी बाळंतपणाला आहे असं सांगितलंही होतं, आम्ही ऐकलं नाही.

तिचे हात थांबले. हातातली वेणी अर्धी तशीच होती.

"सकालची गाडी?" तिने विचारलं.

हो, मी म्हणाले.

"बुधवार होता?"

तो बुधवार होता की नव्हता, मला माहीत नाही. ती थोरलीची वेळ होती की धाकटीची, तेही माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. तिची आई माझ्या मागे गाठोडं धरून उभी होती. तिलाही हे ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले, "बुधवारच."

थोरलीने वेणी सोडली, लेकीला मांडीवरून खाली ठेवलं आणि उठून आईच्या हातातलं गाठोडं घेतलं.

"मंग उभी का ऱ्हायलीस," ती आईला म्हणाली, "ये ना आत."