माझी सही असलेला पंचनामा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण सिंदीच्या माझ्या गुरुजींचे. आमच्या घरात कॉलेजचा अर्ज आधी कोणी पाहिलाच नव्हता. गुरुजींनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मगच सही करू दिली. निवृत्तीनंतरही जी घटना मनातून जात नाही, तिच्यात मी नेमका तोच धडा विसरलो होतो.

मी जाम गावाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे मुद्देमालाच्या खोलीत पकडलेल्या दारूच्या पेट्या कायमच्याच. एका सकाळी भाजी विकणारी एक बाई आली. मेथीच्या जुड्यांखालून तिने बाटली काढून टेबलावर ठेवली. गळ्याशी लाखेच्या सीलचा तुकडा, खाली पंचांच्या सहीची अर्धी फाटलेली चिठ्ठी.

"साहेब, हे सही आमच्या घरच्याची हाये. तुमच्या धाडीत तो पंच होता. आता गावातून तेच बाटली इकत आणून पेला. मंग पकडता काऊन?"

खोलीची किल्ली मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांकडे. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरलेले. मी त्यांची कडक विचारपूस केली. ते चिडले नाहीत. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"साहेब, हा माल तर नष्ट झाला. पंचनाम्यावर तुमचीच सही हाये."

खरे होते. कोर्टाच्या आदेशाने बाटल्या खड्ड्यात फोडायच्या होत्या. मला गिरडच्या बंदोबस्ताला निघायची घाई. दोन पेट्या फुटलेल्या पाहिल्या, 'सर्व माल नष्ट' असे लिहिलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि उरलेले काम जीपच्या चालकावर सोडून दुसऱ्या गाडीने निघालो.

चालक तासाभरात कबूल झाला. उरलेल्या पेट्या त्याने हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला दिल्या होत्या. मग आवाज उतरवून म्हणाला, "हवालदारावर जाऊ द्या साहेब. किल्ली त्याच्यापाशीच होती. तुमची सही कोन पाह्यते?"

खोटे कशाला सांगू, तसा अहवाल मी मनात जुळवूनही पाहिला. समोरचा चहा निवून गेला. माणूस लाचेने बिघडतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो स्वतःची चूक झाकताना बिघडतो.

शेवटी वरिष्ठांना अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत माझी चूक. चालक आणि ढाबेवाल्यावर गुन्हा दाखल झाला, मला खात्याकडून ठपका मिळाला. हवालदार वेळेवर, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "म्या दारातून पाह्यत होतो. तुम्ही चहा पेला नाई, तवाच समजलो, खरं लिहान तुम्ही."

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिले.

'आदरणीय गुरुजी, साष्टांग नमस्कार. एकदा न वाचता सही केली. त्याची शिक्षा मला झाली, दुसऱ्या निर्दोष माणसाला नाही. मन हलके आहे. हे पत्र दोनदा वाचले, मग खाली सही केली.

आपला विद्यार्थी.'