परत बसवलेलं एक्स्टेन्शन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कोणी, काय, कुठे केलं ते बातमीच्या पहिल्या वाक्यात यावं, हे मी वर्षानुवर्षं नव्या वार्ताहरांना शिकवत आलो. इथे मला ते जमत नाही — म्हणून जरा लांबून येतो.

मी यवतमाळात एका दैनिकाचं काम घरून करतो. आमच्यातले जुने लोक अजून जुन्या फॉन्टमध्येच टाइप करतात. बोटांना तीच सवय. कार्यालयाला मजकूर युनिकोडमध्ये लागतो. मग कुणीतरी एक फुकटचं एक्स्टेन्शन शोधलं. ब्राउझरमध्ये ते बसवलं की एका क्लिकवर मजकूर बदलून मिळायचा. बसवताना ते परवानगी मागायचं — तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचं सगळं वाचण्याची आणि बदलण्याची. मी ते वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. तरी परवानगी दिली.

संगणक फार गरम व्हायला लागला तेव्हा मी तो रफीकभाईकडे दिला. बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले दोन-तीन कारखाने आणि माझी बायको सुनंदा शिकवते ती शाळा, ही त्याची बांधलेली कामं. दोन दिवसांनी तो स्वतःच संगणक घेऊन आला. वायरी जोडता जोडता म्हणाला, "भाऊ, पंखा साफ केला. अन् ते फॉन्टवालं काढून टाकलं. कायले ठेवता? तुम्ही बातमी लिहा का पासवर्ड टाका, ते सगळं वाचून राह्यलं."

"मग बातमी काय तुह्या सायकलवर पाठवू?"

तो हसला. "जे लागत नाही ते काढा. जे लागते ते अपडेट ठेवा. बँकेचं काम वेगळ्या ब्राउझरमध्ये करा. बस."

तो गेला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तीनला बातमी द्यायची होती. अडीचला मी ते एक्स्टेन्शन परत बसवलं.

आठवड्याच्या आत माझ्या मेलवरून वजन घटवायच्या गोळ्यांची लिंक सगळ्यांना गेली — संपादकांना, शाळेच्या मुख्याध्यापिकेला, मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांना. "काय बे, दवाखाना टाकला का?" चहाच्या टपरीवर दुसऱ्या दैनिकातला एक मित्र ओरडला. सगळे हसले. मी म्हणालो, "संगणक दोन दिवस रफीककडे होता. बाकी तुम्हीच समजा." माना डोलल्या.

एवढंच. यात एकही शब्द खोटा नाही — पाहा. आरोप नाही, फक्त घटनांचा क्रम आहे. असं वाक्य कसं रचायचं ते मला चांगलं येतं. त्याचं नाव वेगळं असतं, तर माना इतक्या झटकन डोलल्या असत्या का? हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पडला, आणि तरी घरी जाऊन मी तेच वाक्य सुनंदासमोर उच्चारलं. तिनं ते शाळेत नेलं.

चार दिवसांनी मुख्य कार्यालयाची सूचना आली: ते एक्स्टेन्शन पासवर्ड बाहेर पाठवतं, ताबडतोब काढा. मी काढलं. सगळे पासवर्ड बदलले. मग ती सूचनाही पुसली. ती कशाला पुसली?

रफीकभाई एका दुपारी दाराशी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभा राहिला.

"भाऊ, शाळेनं नाही म्हटलं. कारखान्यावाले फोन उचलत नाही. मले एवढंच सांगा, मी काय केलं?"

लोक काहीही बोलतात, असं मी म्हणालो.

"एकदा मशीन पाहू देता का? कोणत्या तारखेले काय बसवलं, ते दिसते त्यात."

"लाइट गेली आहे," मी म्हणालो.

डोक्यावर पंखा फिरत होता. त्यानं वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घालून तो निघून गेला.

आयुष्यात किती खुलासे छापले मी — नावातली चूक, गावातली चूक, दोन ओळींचे, आतल्या पानावर. हा छापला नाही. टपरीवर उभं राहून सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या टपरीवर मी रोज जात होतो.

पुढे दुकान बंद झालं. तो कळंबला मेव्हण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, असं ऐकलं. त्याच सुमारास पुरवणीसाठी लेख मागितला गेला: घरचा संगणक सुरक्षित कसा ठेवावा. मी लिहिला. जे लागत नाही ते काढा. जे लागतं ते अपडेट ठेवा. बँकेचं काम वेगळ्या ब्राउझरमध्ये करा. वाचकांचे फोन आले. सुनंदानं कात्रण शाळेच्या फलकावर लावलं, माझ्या नावासकट.

सल्ला सगळा रफीकभाईचा होता. शेवटचं 'बस' तेवढं मी गाळलं.