मोठं अक्षर कुणाला

जालन्यात येऊन मला तिसरं वर्ष होतं. माहेर पार गडचिरोलीकडे, शाळा सातवीत सुटलेली. बियाण्याच्या गोदामात मी पिशव्यांची तोंडं शिवायची. एक दिवस ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "डिस्पॅचच्या टेबलावर बसशील? दुकानदारांना इंग्रजीत चार ओळी लिहायच्या असतात. शनिवारचं पत्र पाठवण्याजोगं झालं, तर टेबल तुझं."

एवढा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. मी ठरवलं, हे टेबल सोडायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी जुनी पत्रं उतरवू लागले. इंग्रजीची मोठी-लहान अक्षरं शाळेत गिरवली होती. कुठलं कधी, ते विसरले होते. मग मीच हिशेब लावला : मोठं अक्षर म्हणजे अहो-जाहो. दुकानदाराचं अख्खं नाव मोठ्या अक्षरांत, 'सर' मोठं, 'यू' दिसेल तिथे मोठं. 'आय' मात्र लहान. आपणच आपल्याला अहो कसं म्हणायचं? सोबतच्या यादीत गाडी भरणाऱ्या हमालांची नावं होती, तीही लहानच लिहिली. त्यांना सगळे 'ए' म्हणूनच हाक मारत.

शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी कागद पाहिला.

"ताई, हे काय करून राह्यल्या? शेटला गादीवर बसवलं अन् सोता उंबऱ्याबाहेर!"

"मग कसं लिहू?"

"मला कुठं येतंय? मी तर सगळंच मोठं लिव्हतो. मंग मॅडम म्हणत्यात, वरडू नका."

मग कागद मॅडमनाच नेऊन दाखवला. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल घेऊन सांगू लागल्या. "वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. माणसाचं नाव, गाव, वार, महिना, यांचंही फक्त पहिलं. आणि 'आय' कुठेही आलं तरी मोठं."

मी चाचरत विचारलं, "दुकानदारांच्या नावाला किती मोठी अक्षरं?"

"नावाला एक, आडनावाला एक."

"आणि हमालकाकांच्या?"

"तेवढीच."

मी यादीकडे पाहिलं आणि कानशिलं तापली. नवी होते तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या हमालकाकांनीच मला मशीनच्या सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. त्यांचं नाव मी लहान अक्षरात ढकललं होतं.

शनिवारी मंठ्याच्या दुकानदाराला लिहायचं होतं : माल राहिला, तो मी स्वतः बघून सोमवारी पाठवते. गावाचं पहिलं अक्षर मोठं केलं, सोमवारचं केलं. 'आय'पाशी हात अडला. मग दात आवळून ती उभी रेघ ओढली, वर-खाली दोन आडव्या काड्या दिल्या.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "पाठव," म्हणाल्या.

मी जागची हलले नाही.

"मॅडम, आधी ती हमालांची यादी द्या. परत लिहायची आहे."