टिकली लावलेलं बटण

मोबाईलचं लॉक मी स्वतः लावलं होतं. चुकून लागलं नव्हतं. मुलीला मी वेगळं सांगितलं, पण ते नंतरचं.

परळीत आमची पिठाची गिरणी होती. आमचे मालक, म्हणजे मुलीचे बाबा, ती चालवत. साठी उलटली आणि एका सकाळी दात घासता घासता ते खाली बसले. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात महिनाभर राहिलो. घरी आलो तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘बे’. पूर्वी बरोबरीच्या माणसांशी बोलताना वाक्यावाक्याला बे असायचा, तेवढाच राहिला. पाणी पाहिजे तर बे. पाय अवघडला तर बे. दवाखान्यात डॉक्टरांनाही बे. एकदा डॉक्टरच म्हणाले, “काय बे, बरं हाय का?” तेव्हा हे हसले. अर्ध्या तोंडानं.

गिरणी मी चालवायला घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पीठ जाड पडतंय की बारीक हे चिमटीत धरलं की कळतं. घर गिरणीपासून दोन गल्ल्या मागं. सकाळी त्यांचं सगळं करायचं, कपाळाला विभूती लावायची, उशाला पाणी ठेवायचं आणि गिरणीत यायचं. दुपारी शेजारीण एकदा डोकावून जायची.

मोबाईल तेव्हा आमच्याकडं नवीनच आले होते. मुलगी अंबाजोगाईला शाळेत शिकवत होती. तिनं बटणांचे दोन फोन आणले, एक मला, एक त्यांना. गिरणीच्या आवाजात मला घंटी ऐकू येणार नाही म्हणून माझा फोन तिनं नुसता थरथरेल असा केला. तो मी कापडी पिशवीत घालून कमरेला बांधायची. त्यांच्या फोनवर तिनं ‘२’ आकडा असलेल्या बटणाला माझा नंबर जोडला.

“बाबा, हे बटण दाबून धरायचं. सोडायचं न्हाई. आईला फोन लागतो.”

“बे.”

“दाबा बघू.”

त्यांनी डाव्या अंगठ्यानं दाबलं. माझ्या कमरेला थरथरलं. पण फोन जरा पडून राहिला की आपोआप लॉक व्हायचा. मग आधी एक बटण दाबून लगेच चांदणीचं बटण दाबायचं, तेव्हा तो उघडायचा. ह्यांचं पहिलं बटण दाबून चांदणी सापडेपर्यंत उजेड जायचा. आठ-दहा वेळा केलं. मग त्यांनी फोन गोधडीवर फेकला.

मुलीनं सेटिंगमध्ये जाऊन ते लॉक बंद केलं. कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे मला दाखवलं आणि कॅलेंडरच्या मागं लिहूनही ठेवलं. फोनमधली अक्षरं हिंदीत होती, ती मला वाचता यायची.

“एवढं कावून लिहायलीस?” मी विचारलं.

“कुणाच्या हातानं परत चालू झालं तर? मी काय रोज येणार हाय का बंद करायला?”

शेवटी तिनं माझ्या पाकिटातली खड्याची टिकली घेतली आणि डिंक लावून त्या बटणावर चिकटवली. न बघताही बोटाला लागावं म्हणून.

काम झालं, पण वर आलेल्या त्या खड्यामुळं बटण कशानंही दाबलं जाऊ लागलं. गोधडीची घडी पडली तरी फोन. ते कुशीवर वळले तरी फोन. इकडं गिरणीत माझी कंबर थरथरायची. दळण थांबवून बाहेर रस्त्यावर जायचं, कानाला लावायचं. ‘बे’ ऐकू आलं तर खरं काम, घरी पळायचं. नाही आलं तर नुसता श्वास ऐकून परत यायचं. कधी बे ऐकून घरी गेले तर काहीच नको असायचं. पाणी भरलेलं, धोतर कोरडं. मी विचारायची, काय पाहिजे? ते म्हणायचे, बे. मी परत यायची.

दळणाला आलेल्या बाया हसायच्या.

“काकू, मालकाचा फोन वाटतं. लईच करमत न्हाई बघा त्यांना तुमच्याबिगर.”

“मग तू जाऊन बस त्यांच्यापाशी,” मी म्हणायची.

मुकी घंटी दिवसाला पाच-सहा वेळा यायची. मला त्या थरथरण्याचा राग यायला लागला होता. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

नागपंचमीला आमच्याकडं दळत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. त्यामुळं आदल्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. आमच्याच गावात वीज तयार होते, तिची राख आमच्या वाळवणावर पडते, आणि लाईट आमच्याकडंच नाही. डब्यांची रांग बाहेर रस्त्यावर गेली होती. मी घरी जाऊन त्यांना चहा पाजला. आता लाईट आली की चार तास डोकं वर काढता येणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्यांचा फोन घेतला, कॅलेंडर न बघता बटणं दाबत लॉकच्या जागी गेले, ‘चालू’वर आले आणि दाबलं. ते माझ्याकडं बघत होते. त्यांना वाटलं असेल, मी काहीतरी नीट करते आहे. फोन त्यांच्या हाताशी ठेवला आणि निघाले.

अकराच्या सुमाराला लाईट आली. मग दळतच राहिले. शेजारीण स्वतःच डबा घेऊन रांगेत उभी होती. मी विचारलं, “जाऊन आलीस का घरी?”

“पाळी गेली तर पुन्हा मागं लागावं लागंल, काकू. झोपले असतील ते.”

मी बरं म्हणाले. दिवसभर कंबर एकदाही थरथरली नाही. मला बरं वाटत होतं. तसं वाटलं होतं हे मी लपवत नाही.

चार वाजता शेजारणीबरोबरच घरी आले. ते खाटेच्या आणि भिंतीच्या मध्ये पडले होते. धोतर ओलं होऊन वाळलं होतं. गालाला फरशीवरची खडी रुतली होती. फोन डाव्या हातात होता. अंगठ्याच्या पेरावर खड्याचा खोल वण उठला होता, लाल. शेजारणीनं पाय धरले, मी खांदे धरले, त्यांना वर घेतलं. ती म्हणाली, “अवं मालक, फोन तरी करायचा न्हाई का!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बे म्हणाले नाहीत.

ती गेल्यावर मी त्यांना पुसलं, धोतर बदललं, चहा दिला. मग त्यांच्यासमोर फोन घेऊन लॉक बंद केलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली होती. बटण दाबून बघा, मी म्हणाले, तर त्यांनी हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. गालावरचं खरचटलेलं बघून म्हणाली, “फोन हाताशी होता ना? मग?”

“बॅटरी उतरली होती,” मी म्हणाले.

“चार्जिंगला लावत जा की, आई. एवढंच तर काम हाय.”

ते खाटेवर पडून ऐकत होते. त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. फोन रोज उशाशी असायचा, मी तो रोज चार्जिंगला लावायची. लॉक बंद आहे का, हे रोज बघायची. ते बटण त्यांनी पुन्हा दाबलं नाही. गोधडीनंही दाबलं गेलं नाही. फोन ते उताणा राहू देत नसत, बटणं खाली करून ठेवत. मी दर तासाला गिरणी थांबवून घरी जाऊ लागले. बाया कुरकुरायच्या, काही दुसऱ्या गिरणीला गेल्या. घरी जाऊन विचारायची, काय पाहिजे? ते छताकडं बघत असायचे. पाणी संपलेलं असायचं, पण त्यांनी बोलावलेलं नसायचं. मी भरून ठेवायची. शेजारणीला, मुलीला ते बे म्हणायचे. मला नाही.

ते गेल्यावर तेराव्यानंतर मुलगी त्यांचं सामान आवरत होती. फोन मीच कपाटात टाकून ठेवला होता, पंधरा दिवस तरी झाले असतील चार्ज करून. तिनं बटण दाबलं, तर उजेड आला. तिनं खालीवर करून बघितलं. टिकलीचा खडा कधीच पडला होता, डिंकाचा डाग राहिला होता.

“आई, बॅटरी तर चांगली हाय की ह्याची.”

मी पीठ चाळत होते.

“हां,” म्हणाले. “बॅटरी चांगलीच होती.”

तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. मग फोन कपाटात ठेवला आणि धोतरांच्या घड्या घालायला बसली. मी चाळून झालेलं पीठ डब्यात भरलं.