चालायला जायची स्कूटर

"पहले झीरो दिखाओ."

पेट्रोल पंपावर स्कूटर लावली की दादा एवढंच बोलत. मग चष्मा कपाळावर चढवून, वाकून, नाक काचेला टेकेस्तोवर मशीनवरचा आकडा पाहत. पंपावरच्या बाईला त्यांची इतकी सवय झाली होती की ती लांबूनच ओरडायची, "झीरो देख ले कका!" तरी हे वाकायचेच. भरून झालं की स्कूटर दोन्ही बाजूंना गदागदा हलवायची आणि टाकीला कान लावायचा. मागचे हॉर्न वाजवून बेजार.

रायपूरच्या पुरानी बस्तीत दादांचं आणि माझं घर समोरासमोर. ते रेल्वेतून माझ्या आधी सहा वर्षं रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. रोज सकाळी ओट्यावर पेपर उघडून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "वाढवलं लेकाच्यांनी पुन्हा! भाजीत पेट्रोल, दुधात पेट्रोल, आता चड्डीच्या नाडीतबी पेट्रोलच आहे भाऊ!" सगळ्या सरकारांचा उद्धार झाला की ते उठत, स्कूटरला किक मारत आणि पानठेल्यावर जात. पानठेला ओट्यावरून दिसायचा. पानवाला खोकला तर ऐकू यायचं.

मी एकदा विचारलं, "दादा, चालत काहून नाही जात?"

"मी काय भिकारी आहो? चाळीस वर्षं रेल्वेत घासली, ते काय पायी फिराले?"

दरवाढीविरुद्ध मोहल्ल्यानं मोर्चा काढला तेव्हा घोषणा द्यायला दादा सर्वांत पुढे होते. मोर्चा अर्थातच मोटरसायकलींचा. अर्ध्या शहराला चक्कर मारून, घसे फोडून आम्ही परतलो. मोर्चाच्या पुढाऱ्यांनी सगळ्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरून दिलं होतं. दादा रिकामी टाकी घेऊन गेले आणि उरलेलं घेऊन आले, म्हणाले, "असा निषेध महिन्यातून एकदा तरी पाहिजे." हसू नका. असा एक जण तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर आरशात बघा.

बॅटरीची स्कूटर घ्या म्हटलं तर खवळायचे. "बिजली काय झाडाले लागते? कोळसाच जळते नं तिकडे कोरब्याच्या पावरहाऊसात! इथं धूर नाही दिसत, इतकंच." बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग यायचा. त्यांना सगळं कळत होतं. कळूनही ते किक मारायचे, हे आमच्या सगळ्यांसारखंच.

मग दादांना शुगर निघाली. पायात रक्त नीट पोचत नाही, डॉक्टर म्हणाले. रोज अर्धा तास चाला, नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल. वहिनींनी त्याच दिवशी पांढरे बूट आणले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आल्या. एरवी मोठ्यानं न बोलणारी बाई, पण त्या दिवशी दारातूनच ओरडून बोलल्या.

"भाऊजी, माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही चालवा त्यांना. मले घरात दोन पायांचा माणूस पाहिजे."

मी शब्द दिला. सकाळी सहाला तयार होऊन उभा राहिलो, तर दादा नवे बूट घालून स्कूटर बाहेर काढताहेत.

"बसा."

"कुठं?"

"चालाले! तेलीबांध्याले जाऊ, तलावावर हवा चांगली आहे. गल्लीत काय चालता, ढोरांसंग?"

आणि मी बसलो. हो, मी बसलो. तेलीबांध्याला स्कूटर लावायला जागा मिळेना, कारण निम्मं रायपूर गाडीवर बसून चालायला आलं होतं. आम्ही पार्किंगपासून पहिल्या बाकापर्यंत चाललो. तिथं बसून पेट्रोलच्या भावावर तासभर बोललो, पोहे खाल्ले आणि परतलो. वाटेत पंप, झीरो, गदागदा. दारात वहिनी. "चालले का हो?" "चालले," मी म्हणालो.

असं पाच-सहा महिने चाललं. रोज एक स्कूटर, एक बाक आणि माझं एक खोटं. मोठी गंमत वाटायची मला. ऑफिसातल्या जुन्या लोकांना रंगवून सांगायचो आणि चहा पाजून घ्यायचो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हिवाळ्यात पायाचा अंगठा काळा पडला. मग पंजा गेला, उन्हाळा लागता लागता गुडघ्याखालचा पाय. दवाखान्यात भेटायला गेलो तर मलाच धीर देत होते. "आता तर भाऊ, स्कूटरशिवाय इलाजच नाही राहिला. बाजूले दोन चाकं लावून घेतो. तुम्ही मांगं बसा." मी हसलो. पंधरा दिवसांत जखम चिघळली आणि दादा गेले.

मुक्तिधाम, म्हणजे इथलं स्मशान, आमच्या गल्लीपासून पायी दहा मिनिटांवर. पूर्वी बस्तीतलं प्रत्येक माणूस खांद्यावरून गेलं. या वेळी कुणीतरी म्हणालं ऊन आहे, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शववाहिनी आली. मागं आमच्या मोटरसायकली. गाडीवाल्यानं वाटेत डिझेल घ्यायला पंपावर वळवली, त्याच पंपावर. बाईला आत कोण आहे ते ठाऊक नव्हतं. "झीरो देख ले भैया," ती म्हणाली. गाडीवाला फोनवर होता. मीच उतरलो, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून आकडा पाहिला. झीरो होता.

चार दिवसांनी वहिनी दारात आल्या, हातात ते पांढरे बूट.

"भाऊजी, तुम्हाले येतील. नवेच आहेत."

त्यांनी बूट उलटे करून माझ्या हातात दिले आणि रस्ता ओलांडून परत गेल्या. तळाच्या खाचांत कुठं एक खडासुद्धा रुतलेला नव्हता.