फोटोपुरता एक घास

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, किल्लारीपासून जवळच. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मदत घेऊन कोण कोण यायचं, जीपगाड्यांची रांग लागायची. एकदा एका पाहुण्यानं मला जवळ ओढून बुंदीचा लाडू तोंडासमोर धरला. धाकटा भाऊ नुकताच गेलेला, घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. मी ओठ मिटून घेतले. मागून कोणीतरी म्हणालं, "घे गं, फोटोपुरता एक घास." आणि लाडू तोंडात कोंबला. फोटो छान आला म्हणे. मी शेडमागे जाऊन सगळं थुंकून आले. तो राग अजून माझ्यात आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते. बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायला एकेका चौकात तीन-तीन सर. पण मी अपंग मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून लागले, तर मला काम शिकवायला एक माणूस नव्हता. आईच्या मायेनं करायचं, एवढंच मुख्याध्यापिकांनी सांगितलं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. शाळा त्या जीव लावून चालवायच्या, खोटं कशाला बोलू? पण मुलांना उचलणं, त्यांचं शी-शू बघणं, त्यांना जेवण भरवणं हेही शिकावं लागतं, हे काही त्यांना पटत नव्हतं.

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी होती. हातपाय ताठ, मान सावरत नव्हती, बोलता येत नव्हतं. डोळे मात्र असे, की समोरच्याला आरपार ओळखणार. जेवताना तिला सारखा ठसका लागायचा. एकदा घास श्वासनलिकेत गेला आणि माझ्या हातात ती निळी पडली. दवाखान्यातून ती परत आली त्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि मला शिकायला पाठवा म्हणून अडूनच बसले. माया माझ्याकडे पोतंभर होती, पण मायेनं ठसका थांबत नव्हता. शेवटी कंटाळून त्यांनी मला नांदेडच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई कडक. त्यांनी आम्हालाच मान मागे टाकायला लावून चमच्यानं पाणी पाजलं. आम्ही सगळ्याजणी खोकून बेजार. मग भरवण्याची परीक्षा, आणि तिच्यात बाई स्वतःच मूल होऊन खुर्चीत बसायच्या. मी समोर खाली बसले, त्यांची हनुवटी जराशी खाली ठेवली, चमचा सपाट धरला, लहान घास दिला. सगळं बरोबर. वर लाडानं विचारलं, आवडलं का गं राणीला? बाईंनी मला नापास केलं. तोंडात घास असताना लेकराला बोलायला, हसायला लावलंस, म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. इथं मायेचे मार्क कापतात होय, असं मी तोंडावर म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. "माया हाय ते दिसून राहिलंय," त्या म्हणाल्या. "पन ती लेकरासाठी हाय का तुझ्यासाठी?"

दुसऱ्या खेपेला मी तोंड बंद ठेवून भरवलं आणि पास झाले. आणखी एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून घोटून घेतली होती. मुलानं ओठ मिटले, मान वळवली, की ते 'नको' असतं. बोलता येत नाही म्हणून त्याचं नको कमी होत नाही. वाटी उचलायची.

परत आल्यावर मुलीचा ठसका हळूहळू कमी झाला. पण आमच्या शाळेत एक पद्धत होती. लोक वाढदिवसाला, वडिलांच्या पुण्यतिथीला यायचे आणि मुलांना आपल्या हातानं गोड भरवायचे. त्या वर्षी एक डाळमिलवाले शेठ फोटोग्राफर घेऊन आले. शाळेला नव्या व्हीलचेअर त्यांच्याकडूनच मिळायच्या होत्या, त्यामुळे मोठ्या बाईंचा जीव टांगणीला लागलेला. शेठ पेढा घेऊन थेट माझ्या मुलीसमोर उभे राहिले. वर बघायला तिनं मान मागे टाकली, तोंड उघडं. पेढा सरळ घशात गेला असता. मी शेठचं मनगट धरलं.

मोठ्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, हात सोड आणि माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हणाले, नाही येत, पण हा पेढा तिच्या तोंडात जाणार नाही.

शेठ माणूस वाईट नव्हता. "मंग कसं भरवायचं ते दाखीव की," म्हणाला. मी स्टूल आणलं, घट्ट खिरीची वाटी दिली. तो खाली बसला, सांगितलं तसा चमचा धरला, मी मुलीची हनुवटी सावरली. नाव ठेवायला जागा नव्हती. मुलीनं चमच्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. आणि ओठ घट्ट मिटले. जी मान एरवी सावरत नव्हती, ती तिनं जोर लावून वळवली.

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "अगं, घे म्हण ना तिला. फोटोपुरता एक घास."

ते ऐकलं आणि अंगाची आग आग झाली. मी शेठच्या हातातला चमचा काढून घेतला, वाटी उचलली.

"ती नको म्हनायली," मी म्हणाले. "तिचं नको म्हंजे नकोच."

शेठ उठला आणि निघून गेला. व्हीलचेअर त्या वर्षी आल्या नाहीत. मोठ्या बाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, पण कामावरूनही काढलं नाही. मला पश्चात्ताप झाला का, असं लोक अजून विचारतात. तसूभरही झाला नाही. त्या दुपारी सगळे पांगल्यावर मी वरणभात कालवून तिच्यासमोर खाली बसले आणि वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं आपणहून तोंड उघडलं. मी एक शब्दही न बोलता तिला भरवलं.